शेवटच्या रांगेतून

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हे सांगायला घेतलं की बाबा मध्येच 'बरं, ठेवू?' म्हणतात, म्हणून लिहितेय.

व्यायाम शिकवायला लागून आठ महिने झाले. आपल्याला स्क्वॅट नीट येतात, आवाज खणखणीत आहे, अजून काय लागतं, असं मला वाटायचं. पहिला महिना मी नुसती ओरडत होते. 'अजून एक! थांबायचं नाही!' शेवटच्या रांगेत साठी उलटलेल्या एक बाई असायच्या. एकदा त्यांच्या टाचा उचलल्या जात होत्या, तर मी त्यांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं, 'बघा, हे असं करायचं नाही.' त्या हसल्या, टॉवेलनं मान पुसली, परत जागेवर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत.

माझ्या वरच्या ट्रेनरनं एवढंच विचारलं, 'त्या कशासाठी येत होत्या?' मला माहीतच नव्हतं. वजन कमी करायला असणार, असं मी परस्पर धरून चालले होते. शेवटी फोन करून माफी मागितली आणि विचारलं. त्या म्हणाल्या, 'मागच्या वर्षी घरात पडले. कुणी येईपर्यंत उठता आलं नाही. पडले तर आपलं आपण उठता यावं, बास.'

दहा दिवसांनी त्या परत आल्या. मग आम्ही खुर्चीपासून सुरुवात केली. बसायचं, उठायचं. 'मांड्या आवळा' म्हटलं की त्या खांद्यापर्यंत ताठ व्हायच्या. 'पायांनी जमीन खाली ढकला' म्हटलं आणि अलगद उठल्या. शरीराच्या भागाकडे लक्ष वेधण्यापेक्षा हालचालीतून काय घडायला हवं ते सांगितलं की जास्त जमतं, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. मला ते त्या खुर्चीपाशी पटलं. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, 'पाय तर तेवढेच दिसतात, मग सोपं कसं वाटतंय?' सुरुवातीची ताकद बरीचशी मज्जातंतूंमुळे वाढते. आहेत त्याच स्नायूंना मेंदू जास्त नीट कामाला लावतो. स्नायू भरायला वेळ लागतो. हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला, की माझी महिनाभराची 'शाब्बास, शाब्बास' त्यापुढे फिकी.

आता मी किती जोर लावायचा ते सांगत नाही, किती लागला ते विचारते. त्यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची मोजपट्टी आहे, 6 ते 20 अशी. आकडे विचित्र वाटतात ना? दहानं गुणलं की तरुण, निरोगी माणसाच्या नाडीच्या ठोक्यांच्या आसपास जातात, म्हणून तसे. आमच्याकडे बहुतेक जण सरळ 'बोलता येतंय' किंवा 'बोलवत नाहीये' एवढंच सांगतात, आणि तेवढं पुरतं.

बाबा, गेली चार वर्षं मी तुम्हालाही असंच पुढे ओढत होते. 'चाललात का? किती पावलं झाली?' पोलिसासारखी उलटतपासणी. मी पाठवलेल्या घड्याळाचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही, आईनं सांगितलंय मला. आधी राग आला होता. आता वाटतं, मीही काढलं नसतं.

आणि आई, तू 'आता या वयात काय' म्हणतेस. 1990 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला होता. तो पुरा करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. तू तर अजून पंच्याहत्तरीचीही नाहीस. अर्थात, तुझ्या बीपीचं डॉक्टरांना आधी विचारायचं आणि उठताना श्वास कोंडायचा नाही.

त्या बाई अजूनही शेवटच्याच रांगेत उभ्या राहतात. मी आता तास तिथून घेते.

रविवारी फोन करेन. पावलं विचारणार नाही. पूर्वी सहज जमायची आणि आता जमत नाही अशी कुठली गोष्ट परत जमायला हवीय, तेवढं दोघांनी ठरवून ठेवा. वेगवेगळं असलं तरी चालेल. आणि आई, ती हात नसलेली खुर्ची घेऊ नकोस, घसरते. हातांची घे आणि भिंतीला टेकवून ठेव.

तुमची,
लेक