नऊ शातोंचे (फ्रेंच राजे-सरदारांच्या वाड्यांचे) पैसे घेऊन दोनच आतून दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
परदेश सहली विभाग

विषय: ३० एप्रिल व १ मे रोजीच्या ‘लुआर खोरे : नऊ शातो’ या जोडसहलीतील त्रुटी आणि परताव्याची मागणी

महोदय,

पॅरिसच्या सहलीला जोडून घेतलेल्या, फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्याच्या दोन दिवसांसाठी आम्ही सोळा जणांनी माणशी ४२,००० रुपये वेगळे भरले. आपल्या माहितीपत्रकात पहिल्या दिवशी शांबोर, शव्हेर्नी, ब्लुआ आणि शोमाँ, तर दुसऱ्या दिवशी अँबुआज, क्लो लुसे, शेनाँसो, व्हिलांद्री आणि अझे-ल-रिदो अशी नऊ नावे होती. खाली ठळक अक्षरांत ‘सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट’ असे छापले होते. प्रत्यक्षात आत गेलो ते शांबोर आणि शेनाँसो या दोनच ठिकाणी. बाकी सात ठिकाणी बस थांबली, दहा-पंधरा मिनिटे फोटोसाठी मिळाली आणि बस सुटली. परत आल्यावर विचारले तेव्हा ‘कार्यक्रमात दर्शन लिहिले आहे, दर्शन बाहेरूनही होते’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. का नाही, ते सविस्तर लिहीत आहोत.

ब्लुआपासून सुरुवात करतो, कारण तिथे ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट होते. आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर फ्रान्सचा राजा पहिल्या फ्रांस्वाच्या काळातला, अष्टकोनी बुरजासारखा बाहेर आलेला कोरीव दगडी जिना छापला आहे. तो जिना आतल्या चौकात आहे. चौकात जायला तिकीट लागते. आम्हाला जिथे उतरवले त्या चौथऱ्यावरून दिसते ती बाराव्या लुईच्या काळातली विटा आणि दगडांची दर्शनी बाजू आणि दारावरचा घोड्यावर बसलेला राजा. म्हणजे ज्या चित्रावर सहल विकली ती वस्तू आम्ही पाहिलीच नाही. आत तेराव्या शतकातल्या सभागृहापासून १६३५ नंतर वास्तुविशारद फ्रांस्वा मांसारने बांधलेल्या इमारतीपर्यंत चार वेगवेगळ्या काळांची बांधकामे एकाच चौकाभोवती उभी आहेत. फ्रेंच वास्तुकलेचा एवढा सलग धडा एका जागी क्वचितच मिळतो. राणी कातरीन द मेदिसीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानशा खोलीत २३७ कोरीव लाकडी फळ्या आहेत आणि त्यांतल्या काहींमागे गुप्त कपाटे. भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीतली कळ पायाने दाबली की फळी उघडते. २३ डिसेंबर १५८८ रोजी द्यूक द गीझ या बलाढ्य सरदाराचा खून याच इमारतीत झाला. यातले काहीही रस्त्यावरून दिसत नाही.

व्हिलांद्रीचेही तसेच. तिथे लोक जातात ते मुख्यतः बागांसाठी, आणि बागांनाही तिकीट आहे. १९०६ साली ही मालमत्ता घेतलेल्या जोआकिम कार्व्हालो यांनी सोळाव्या शतकाच्या धर्तीवर बागा पुन्हा मांडल्या. नऊ सारख्या आकाराचे चौकोन, प्रत्येकात भाज्यांची निराळी भौमितिक रचना. ही रचना वरच्या सज्जावरूनच नीट उलगडते. जमिनीवर उभे राहिले तर नुसते वाफे दिसतात. आम्ही तिकीटखिडकीपर्यंत गेलो आणि परतलो. शिवाय माहितीपत्रकात लाल भोपळे आणि जांभळ्या कोबीचा फोटो आहे. भाजीबागेची लागवड वर्षातून दोनदा होते, वसंतात एकदा आणि जूनच्या सुमारास दुसऱ्यांदा. भोपळे दुसऱ्या लागवडीतले. एप्रिल-मेच्या सहलीला शरद ऋतूचा फोटो लावणे म्हणजे बागेत गेलो असतो तरी जे दिसणार नव्हते त्याची जाहिरात करणे.

आता वेळेचा हिशेब. आपल्या सहल व्यवस्थापकांनी दोन्ही दिवस ‘ट्रॅफिकमुळे उशीर झाला’ असे सांगितले. उशीर ट्रॅफिकमुळे झालेला नाही. कार्यक्रम कागदावरच बसत नव्हता. पॅरिसहून शांबोर सुमारे १८० किलोमीटर. फ्रान्समध्ये प्रवासी बसला महामार्गावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, त्यात सकाळी पॅरिसमधून बाहेर पडायला लागणारा वेळ धरला तर अडीच तास कमीत कमी. तिथून शव्हेर्नी, ब्लुआ, शोमाँ आणि मुक्कामाचे तूर शहर मिळून आणखी सव्वादोन तास. म्हणजे नुसता प्रवास पावणेपाच तास. शांबोरला दोन तास, शव्हेर्नीला दीड, ब्लुआला दीड, शोमाँला दोन, असे माफक धरले तरी सात तास होतात. जेवणाला एक तास. बसतळापासून दारापर्यंत चालणे, तिकीट, सुरक्षा तपासणी, स्वच्छतागृह, सगळ्यांना पुन्हा गोळा करणे यात सोळा जणांच्या गटाचे प्रत्येक थांब्यावर किमान २५ मिनिटे जातात. चार थांब्यांचे एक तास ४० मिनिटे. बेरीज १४ तास २५ मिनिटे. बस सकाळी साडेसातला निघाली होती. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे झाले असते तरी रात्रीचे दहा वाजायला आले असते, आणि ही ठिकाणे संध्याकाळीच बंद होतात; शांबोर तर त्या दिवसांत सहाला, शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास आधी. ही बेरीज करायला पाच मिनिटे लागतात. पैसे घेण्याआधी ती कोणीतरी करायला हवी होती.

दुसरा दिवस याहून अवघड. तूर ते अँबुआज, शेनाँसो, व्हिलांद्री, अझे आणि रात्री पॅरिस, एवढ्या प्रवासालाच सुमारे सहा तास. पाच ठिकाणे बघायला पावणेआठ तास, जेवण एक तास, चार थांब्यांचे (अँबुआज आणि क्लो लुसे मिळून एकच थांबा) एक तास ४० मिनिटे. एकूण १६ तास २५ मिनिटे. युरोपीय संघाच्या नियमानुसार बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती आवश्यक आहे आणि चोवीस तासांत सलग किमान ११ तासांची. ती आठवड्यातून मोजक्याच वेळा ९ तासांपर्यंत आणता येते. म्हणजे एकट्या चालकाचा दिवस सहसा १५ तासांपलीकडे जाऊ शकत नाही. दुपारी चालकाने घड्याळ दाखवून पुढचे थांबे कमी करायला सांगितले तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालण्यात आली. तो पूर्णपणे बरोबर होता, आणि त्याच्याबद्दल आमची कसलीही तक्रार नाही.

अझे-ल-रिदोची चूक वेगळ्या जातीची आहे. हा शातो फ्रेंच सरकारच्या राष्ट्रीय स्मारक केंद्राकडे आहे आणि १ जानेवारी, १ मे व २५ डिसेंबर या तीन दिवशी बंद असतो. १ मे हा आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. फ्रान्समध्येही तो कामगारांच्या सुट्टीचा दिवस. आपण अझे नेमका १ मे रोजी ठेवला. बंद फाटकातून झाडांची रांग तेवढी दिसली. एँद्र नदीच्या पात्रातल्या बेटावर १५१८ ते १५२७ दरम्यान बांधलेला तो वाडा आणि पाण्यात पडणारे त्याचे प्रतिबिंब पाहायला आवारात शिरावेच लागते. शेनाँसो मात्र वर्षभर रोज उघडे असते. दोन दिवसांचा क्रम अदलाबदल केला असता, म्हणजे तूरच्या बाजूची ठिकाणे ३० एप्रिलला घेतली असती, तरी ही वेळ आली नसती.

जिथे आत गेलो तिथेही मन भरेल असे काही झाले नाही. शांबोरला ५५ मिनिटे मिळाली. चारशेहून अधिक खोल्या आणि २८२ शेकोट्या असलेल्या त्या वास्तूत सगळे बघावे अशी अपेक्षा कोणीही ठेवत नाही. पण मधला दुहेरी जिना आणि गच्ची ही दोन तरी शांतपणे बघायला हवीत. त्या जिन्यात दोन मार्ग एकाच पोकळ खांबाभोवती एकमेकांवर गुंफलेले आहेत. एक जण चढतो, दुसरा उतरतो. खांबाच्या झरोक्यांतून दोघे एकमेकांना दिसतात आणि तरी कुठेही समोरासमोर येत नाहीत. हे समजायला दोघांनी दोन वेगवेगळ्या तोंडांनी चढायचे असते. आमच्या गटाला एकाच तोंडाने रांगेत वर नेले आणि त्याच तोंडाने खाली आणले. गच्चीवर, जिथे धुराड्यांचे आणि मनोऱ्यांचे पांढऱ्या दगडातले कोरीव काम त्यात बसवलेल्या काळ्या पाटीच्या तुकड्यांसह हाताच्या अंतरावर येते, तिथे जायला वेळच उरला नाही.

तिथेच आणखी एक गंभीर बाब घडली. आपले सहल व्यवस्थापक दालनात माहिती सांगू लागले तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना थांबवले. फ्रान्समध्ये संग्रहालयांत आणि ऐतिहासिक स्मारकांत सहल कंपनीने नेलेल्या गटाला माहिती द्यायची तर व्यावसायिक ओळखपत्र असलेला मार्गदर्शकच लागतो. तसा कायदाच आहे. माहितीपत्रकात ‘तज्ज्ञ मार्गदर्शकासह’ असे लिहून आपण असा मार्गदर्शक नेमला नाही. एरवी त्या व्यवस्थापकांना सांगता आले असते ते माहितीपत्रकावरून, आणि माहितीपत्रकात शांबोर ‘लिओनार्दो दा विंचीने बांधलेला’ आहे. लिओनार्दो २ मे १५१९ रोजी क्लो लुसेमध्ये वारला. शांबोरच्या बांधकामाचा हुकूम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाला. जिन्याच्या कल्पनेत त्याचा प्रभाव असावा असे अभ्यासक मानतात, पण प्रभाव वेगळा आणि बांधणे वेगळे. माहितीपत्रकात सगळ्याच वास्तूंना ‘किल्ले’ म्हटले आहे, त्याबद्दलही एक सुचवावेसे वाटते. मराठी माणूस किल्ला म्हटल्यावर तट, बुरूज आणि चढ डोळ्यांपुढे आणतो. त्या अर्थाचे किल्ले तिथे शिनाँ आणि लाँजे येथे आहेत. शेनाँसो किंवा अझे हे राहते वाडे. शातो हाच शब्द ठेवावा आणि एका ओळीत अर्थ द्यावा.

शेनाँसोत ४० मिनिटे मिळाली. त्यातली वीस फाटकापासून चिनारच्या जातीच्या प्लेन वृक्षांच्या रांगेतून वाड्यापर्यंत जाण्यायेण्यात गेली. शेर नदीवरच्या पुलावर बांधलेले ६० मीटर लांबीचे दालन, दोन्ही बाजूंना मिळून १८ खिडक्या, खाली काळी-पांढरी फरशी. ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाहून मागे फिरलो. पहिल्या महायुद्धात याच दालनात रुग्णालय होते. दुसऱ्या महायुद्धात शेर ही जर्मनव्याप्त आणि मुक्त फ्रान्समधली सीमारेषा होती; दालनाचे दक्षिणेकडचे दार मुक्त भागात उघडत असे. त्या दारापर्यंत जाऊन पलीकडच्या काठावर पाऊल ठेवणे हा या भेटीचा गाभा आहे. खांबांच्या पोटात असलेले स्वयंपाकघर, जिथे होडीतून थेट सामान उतरवत, तेही राहिले.

जेवणाबद्दल थोडक्यात. त्या भागातल्या गावांत उपाहारगृहांची स्वयंपाकघरे साधारण दुपारी १२ ते २ चालू असतात. आम्ही ब्लुआला २ वाजून २० मिनिटांनी पोचलो. शाकाहारी जेवण आगाऊ सांगून ठेवलेले नव्हते. सोळा जणांनी बेकरीतला पाव आणि चीज खाल्ले, ज्येष्ठांनी बसमधले चिवड्याचे पुडे. ही व्यवस्था आदल्या दिवशी एका फोनवर होऊ शकत होती.

पुढच्या गटांसाठी कार्यक्रम कसा असावा हेही सांगतो, कारण हा प्रदेश नीट पाहिला तर विसरता येत नाही. तूर किंवा अँबुआजला तीन रात्री मुक्काम ठेवा. दिवसाला दोन, फार तर तीन ठिकाणे. एक दिवस शांबोर आणि ब्लुआ. एक दिवस अँबुआज, तिथून दहा मिनिटे चालत क्लो लुसे, आणि दुपारनंतर शेनाँसो, जेव्हा पॅरिसच्या बसेस परतू लागतात. एक दिवस व्हिलांद्री आणि अझे. दोन्हींत जेमतेम ११ किलोमीटरचे अंतर आहे. शेनाँसोला तर बस हवीच असे नाही. तूरहून स्थानिक गाडी अर्ध्या तासात पोचवते आणि स्टेशन शातोच्या फाटकाला लागूनच आहे. शोमाँला चढ आहे, म्हणून गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना आधी सांगा आणि बस वरच्या दारापर्यंत न्या. १९९२ पासून तिथे दरवर्षी भरणारा उद्यान महोत्सव बघायचा असेल तर अर्धा दिवस वेगळा लागतो. नऊऐवजी सात नावे छापली तर माहितीपत्रक कमी भरगच्च दिसेल, पण ती सात नावे खरी असतील.

आमच्या मागण्या अशा: माणशी ४२,००० रुपयांपैकी निम्मी रक्कम, म्हणजे २१,००० रुपये, सोळा जणांचे मिळून ३,३६,००० रुपये परत करावेत. न काढलेल्या सात प्रवेशिका, न नेमलेला मार्गदर्शक आणि न दिलेले एक जेवण यांचा हा परतावा आहे. काढलेल्या सर्व तिकिटांच्या प्रती द्याव्यात. सध्याचे माहितीपत्रक मागे घ्यावे आणि जिथे फक्त बाहेरून थांबा आहे तिथे ‘प्रवेश नाही’ असे त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांसाठी आम्ही राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. सोबत माहितीपत्रक, पावत्या, दोन्ही दिवसांच्या प्रत्यक्ष वेळांची नोंद आणि अझेच्या फाटकावरील ‘१ मे – बंद’ या फलकाचे छायाचित्र जोडले आहे.

आपले,
लुआर जोडसहलीतील सोळा प्रवासी