मनगटावरचा आकडा आणि वॉकर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेऊन घरी आलेल्या रुग्णांनी मनगटावर फिटनेस बँड बांधून रोजची पावले मोजावीत, हा कालच्या आरोग्य पुरवणीतील सल्ला वाचला. सल्ला वाईट नाही. मात्र लेखकमहाशयांनी, आणि लेखाशेजारी समुद्रकिनाऱ्यावर धावणाऱ्या तरुणीचे छायाचित्र लावणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी, असा एखादा रुग्ण घरात चालताना कधी पाहिला आहे काय, अशी शंका आली.

माझ्या यजमानांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडे पोखरणारा रक्ताचा कर्करोग, आहे. मणके ठिसूळ झालेले, त्यात बॉर्टेझोमिब या कर्करोगावरील औषधाच्या इंजेक्शनांनी तळपाय बधिर, म्हणून ते वॉकर धरून चालतात. रुग्णालयाने दिलेला बँड हाताच्या हेलकाव्यावरून पाऊल ओळखतो आणि वॉकरच्या दांडीवर घट्ट रोवलेला हात काही हेलकावत नाही. त्यामुळे दारापासून जिन्यापर्यंत घाम गाळत घातलेल्या त्यांच्या बहुतेक फेऱ्या त्या यंत्राच्या लेखी झालेल्याच नसतात. याउलट डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या, की त्या रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, अंगात नको तेवढी तरतरी येते, वॉकरची आठवण राहत नाही आणि मी कितीही रागावले तरी बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या चालूच राहतात. सकाळी आकडा भरघोस! लगेच नोंद ठेवणाऱ्या मुलीचा फोन, ‘काका, काल फारच छान चाललात!’ काका रात्रभर झोपले नव्हते, हे विचारायचे तिला कोणी शिकवले नसावे. पुढे गोळ्यांचा जोर ओसरून ते पलंगावरून उठेनात, तेव्हा आळस करू नका म्हणून तिनेच सुनावले. यजमान बँकेतून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. आकडा जुळला नाही तर त्यांना अन्न गोड लागत नाही. हिमोग्लोबिन सातवर आलेले असताना ते हट्टाने चालायला उठले आणि मोरीच्या दाराशी भोवळ येऊन खाली बसले. हाड मोडले नाही हे नशीब, कारण मायलोमाच्या हाडांना त्याहून कमी निमित्त पुरते.

पावले मोजूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर बसल्यावर आमच्या पिढीतले पुरुष ‘बरं आहे’ यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि त्या दोन शब्दांपेक्षा रोजचा आकडा निश्चितच बोलका असतो. पावले एकाएकी घटली, तर रक्त कमी झाले आहे, संसर्ग सुरू झाला आहे की पाठ दुखते आहे, हे कोणीतरी विचारले पाहिजे. पण त्यासाठी तुलना रुग्णाच्या स्वतःच्याच आधीच्या आठवड्यांशी हवी, आकड्याशेजारी औषधांचे दिवस मांडलेले हवेत आणि वॉकर धरणाऱ्यांसाठी घोट्यावर बांधायचे यंत्र हवे. आपल्या लेखात यातले काहीच नाही. आहे ते ‘हळूहळू दहा हजारांकडे’ हे ध्येय. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकामुळे रूढ झाला, कोणा डॉक्टराने तो रुग्णांसाठी काढलेला नाही. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर सुमारे साडेसात हजारांपुढे लाभ वाढताना दिसला नव्हता, आणि त्या स्त्रिया काही मायलोमाच्या रुग्ण म्हणून निवडलेल्या नव्हत्या. लेखाच्या खालीच अर्धे पान भरून अशाच एका घड्याळाची जाहिरात होती, तो योगायोग असावा असे मी समजते.

लेखाचा पुढील भाग येत्या आठवड्यात असल्याचे आपण कळवले आहे. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती खाली गेल्यावर चालणे थांबवावे, हे त्यात रक्तविकारतज्ज्ञांना विचारून अवश्य छापावे. आणि तेही जरा मोठ्या टंकात, कारण पुरवणीचा टंक आपण बारीक केल्यापासून यजमानांना ती भिंग घेऊन वाचावी लागते.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)