शेवटी काळं रबरच

प्रिय बंड्या,

तुझे फोन उचलले नाहीत, मेसेजला नुसते अंगठे पाठवले. हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत ठीक, आईचा गुडघा आहे तसाच.

यादीत नाव लागलं! सैन्याचा डायव्हिंग कोर्स, ज्याच्या गप्पा मारत आपण तलावाच्या कठड्यावर संध्याकाळी फुकट घालवल्या, तोच. घरी आनंदीआनंद आहे. जो तो विचारतो, खोल पाण्याची भीती नाही वाटत? अंधाराची? आता यांना कसं सांगू की माझी झोप उडालीय ती फिन्सनी, पोहताना पायात घालायच्या त्या वल्ह्यासारख्या पात्यांनी. हसू नकोस. हे ऐकून न हसणारा तू एकटाच असशील असं वाटलं म्हणून लिहायला बसलो.

तिकडे स्टोअरमधून जे हातात देतील तेच पायात घालायचं, त्यात आपली पसंती चालत नाही. प्रश्न तोवरच्या महिन्यांचा आहे. माझे निळे प्लॅस्टिकचे घातले की पाय आपोआप चालतात, दम पुरतो, वेळही छान येते. पण ते पातं मऊ आहे. अंगावर सामान चढलं, मागे कोणाला ओढायचं असलं, समोरून प्रवाह आला, की ते नुसतं दुमडतं आणि आपण जागच्या जागी. दुभंगलेल्या पात्याच्या फिन्सचंही तेच. आरामात तरंगत मासे बघायला झकास, पण जागेवर वळायचं किंवा मागे सरकायचं म्हटलं की बोंब.

म्हणून परवा एकाचे काळे जाड रबरी मागून आणले, जेटफिनच्या जातीचे, आखूड आणि रुंद. बंड्या, काय जड प्रकरण आहे! पहिल्या काही फेऱ्यांत वाटलं, हे तर आपल्यासाठीच बनवलेत. मग पोटरीत असा गोळा आला की कठडा धरून उभा राहिलो. घरी येऊन बघतो तर पावलावर, फिनच्या पॉकेटची (पाय घालायच्या कप्प्याची) कड जिथे टेकते तिथे, लाल वळ. आणि उजवा घोटा, तोच, जिन्यावरून पडलो तेव्हाचा, रात्रभर ठणकत होता. खरी काळजी ही आहे. कडक पातं वाकत नाही, मग सगळा भार घोट्यावर आणि नडगीवर येतो. गुडघ्यातून सायकल मारली तर दुप्पट. लाथ कमरेतून यायला हवी हे मला पाठ आहे, पण दमल्यावर गुडघा वाकतोच. कोर्सच्या पहिल्याच लांब पोहण्यात घोट्याने हात वर केले तर?

तू म्हणशील, लांब पात्याचे घे, ताकद कमी लागते. तुझं ते लांब पात्याचं पुराण मला नको. आपण त्यावरून आठवडाभर बोललो नव्हतो आणि मी अजूनही माझ्याच बाजूने आहे! एका श्वासात खोल जाणाऱ्याला ते शोभतात. बोटीच्या शिडीवर ते घेऊन चढून दाखव. आणि कोर्लिओ नावाच्या फ्रेंच माणसाचं फिन्सचं 1933 चं पेटंट, मग 1940 मध्ये फिन्स बनवणारा चर्चिल (सिगारवाला नव्हे, ओवेन), मग महायुद्धात त्याचेच फिन्स पाणबुड्यांच्या पायात, ही तुझी कीर्तनंही नकोत. त्या काळीही रबरच होतं, एवढं मात्र माझ्या बाजूने धर.

माझं असं ठरत चाललंय: सराव काळ्या रबरावरच. ते भारी आहेत म्हणून नाही. तिकडे कडकच मिळणार, मग घोट्याला त्याची सवय इथेच, सावकाश लागू दे. आधी थोडा वेळ, मग वाढवत. निळे फक्त दम वाढवायच्या दिवशी. टाचेकडून उघडे, पट्ट्याचे, आणि माप घ्यायचं ते निओप्रीनचे बूट घालूनच. अनवाणी मापाने घेतले की बोटं आखडतात आणि तळव्यात पेटका येतो. सैल घ्यावेत तर पाय आत फिरतो आणि कातडी सोलते. बोटं हलली पाहिजेत आणि पाय झटकला तर फिन डुगडुगता कामा नये, एवढीच माझी परीक्षा.

तुझी नवी नोकरी कशी आहे? वहिनींना नमस्कार सांग. छोटीला दात आले का? फोटो पाठव.

आणि मुद्द्याचं. तुझे जुने काळे अजून असतील तर पाठवून दे. तुझं पाऊल एक नंबर मोठं, म्हणजे बुटासकट मला बसावेत. पट्टे कुजले असतील, ते मी नवे घालीन. पण पाठवण्याआधी बघ, पातं टोकावर उभं करून ठेवलं असशील तर ते वाकडं झालं असेल, मग उगाच टपालखर्च नको. त्याच खोक्यात माझा मास्कही टाक, जो तू 'उद्या देतो' म्हणून नेलास.

घोट्याबद्दल मात्र खरं काय ते लिही, धीर देऊ नकोस.

तुझा,
नाना