मँचेस्टरहून, आई-बाबांस

३० मे २०१७

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. फोनवर सांगून झालंय, तरी लिहितेय, कारण आई फोनवर नुसतं 'हं, हं' करते आणि मग रात्रभर जागते. २२ तारखेला इथल्या अरिनात, म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमांच्या मोठ्या सभागृहात, बॉम्बस्फोट झाला तेव्हा मी खोलीवर झोपले होते. शेजारचं व्हिक्टोरिया स्टेशन आज पुन्हा उघडलं. हो, माझी गाडी तिथूनच सुटते. मग काय झालं?

बाबा, तुमचं एकच टुमणं: माहिती होती तर त्या हल्लेखोराला आधीच उचलला का नाही? तुम्ही जन्म खात्यात काढलात, मी काय सांगणार. पण इथे एमआय५, म्हणजे ब्रिटनची देशातली गुप्तचर संस्था, नुसती माहिती काढते. अटकेचा अधिकार तिला नाही, उचलायचं पोलिसांनी. तो पोरगा एकेकाळी त्यांच्या नजरेत होता, पुढे फाइल बंद झाली. पेपरात आलंय, अशी बंद झालेली नावं २०,००० आणि चालू तपासातली ३,०००. टीप रोज येते, खरी कुठली ते मागाहून कळतं, हे तुमचंच वाक्य ना? मग इथल्यांनाच शिव्या का? एमआय५ नं आता स्वतःचीच चौकशी लावलीय.

मला चीड आलीय ती वेगळ्याच गोष्टीची. इथल्या पोलिसांनी अमेरिकेला विश्वासानं दिलेलं तिथल्या माध्यमांत फुटलं. आधी हल्लेखोराचं नाव, मग पुराव्याचे फोटो: बॅगेच्या चिंध्या, बॅटरी, स्क्रू. बावीस घरांत सुतक आणि हे जगभर छापून! २५ तारखेला इथल्या पोलिसांनी अमेरिकेला माहिती देणं बंद केलं, पंतप्रधान थेरेसा मे बाईंनी ब्रसेल्सला ट्रम्पकडे विषय काढला आणि हमी मिळताच त्याच रात्री देवाणघेवाण पुन्हा सुरू. उद्याची टीप तिकडूनच यायची असली तर? रुसून बसणं परवडत नाही.

आई, इथली एक गंमत सांगते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात आणि सध्या कुठली ते जाहीर करतात. मंत्री नाही ठरवत. पोलीस, गुप्तचर, लष्कर यांची माणसं एका केंद्रात बसून ठरवतात. २३ तारखेला सर्वांत वरची, 'क्रिटिकल', म्हणजे हल्ला कोणत्याही क्षणी. पहाऱ्याला लष्कर आलं. शनिवारी एक पायरी उतरवली, 'सिव्हियर'. म्हणजे हल्ल्याची दाट शक्यता! तर ऑफिसातली बाई चहा ढवळत म्हणते, चला, बरं झालं, उतरली. दाट शक्यतेला बरं? आणि आपण करायचं काय, तर सावध राहायचं आणि रोजच्यासारखं कामाला जायचं. पावसाच्या अंदाजावर बोलावं तसं बोलतात गं. आता मीही बोलते.

पैशांचं: ब्रेक्झिटच्या मतदानापासून पौंड उतरलाय, म्हणून या खेपेला कर्जाचा हप्ता कमी दिसेल. बाबा, पेन्शनमधून भर घालू नका, मी पुढच्या महिन्यात भरते. गुडघ्याचं ऑपरेशनही माझ्या पैशांसाठी अडवून ठेवू नका.

मावशीनं आणलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा बरा वाटतो, बोलेन त्याच्याशी. पण 'बॉम्ब फुटला, आता तरी परत ये' एवढ्यासाठी लग्न उरकणार असाल तर नको. दिवाळीला येते म्हणाले होते खरी, पण रजा अजून मंजूर नाही. आई, तिकीट हातात येईपर्यंत माझी खोली रंगवायला काढू नकोस.

तुमची,
मनू