देखभाल दोघांची, जोड मात्र कुणाचाच नाही

संपादक महोदय,

छोट्या व्यापारी इमारतींमध्ये विजेच्या देखभालीचा करार एकाशी आणि वातानुकूलनाचा दुसऱ्याशी, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात काही खोट असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. एका दुमजली इमारतीची व्यवस्था पाहताना मला जो अनुभव आला, त्यावरून या दोघांची ठरलेली भेट एकाच दिवशी व्हावी, असे माझे मत झाले आहे.

आमच्याकडील एका एसीचा कंप्रेसर भर दुपारी घरघर करून बंद पडत असे. एसी मेकॅनिकने व्होल्टेज कमी पडत असल्याचे सांगितले. वायरमनने डीबीवर (इमारतीच्या वीज वितरण पेटीवर) मीटर लावून २३० व्होल्ट दाखवले आणि कंप्रेसरच गेल्याचा निर्वाळा दिला. दोघांच्याही नोंदवहीत त्या महिन्यापुढे ‘ठीक’ असा शेरा होता आणि आपापल्या हद्दीपुरता तो खोटाही नव्हता. अखेर गच्चीवर आउटडोअर युनिटशेजारचा आयसोलेटर (त्या युनिटचा पुरवठा तोडण्याचा स्विच) उघडला, तेव्हा ॲल्युमिनियमच्या केबलचे टोक लग (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) न लावताच पितळी टर्मिनलमध्ये कोंबलेले आढळले; भोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडून तडकले होते. एसी बंद असताना तिथेही व्होल्टेज पूर्ण दिसे, कंप्रेसर सुरू होताच ते कोसळे.

सैल जोड तापला की धातू प्रसरण पावतो, निवला की आकसतो आणि दर फेरीला पकड आणखी ढिली होते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढून रोधही वाढत जातो. हा रोध अवघा ०.१ ओहम असला, तरी २० अँपिअर प्रवाहाला नखाएवढ्या जागेत ४० वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. म्हणून असे जोड लोड चालू असताना, शक्यतो थर्मल कॅमेऱ्याने तपासावेत. आवळण्याचे काम अर्थातच पुरवठा तोडून करावे.

एसीकडचे दुर्लक्षही शेवटी विजेच्याच वाटेवर येते. आउटडोअर युनिटमधल्या कंडेन्सरच्या कॉइलवर धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि कंप्रेसर जास्त प्रवाह ओढू लागतो, तर ड्रेन पाइप तुंबला की पाणी फॉल्स सीलिंगमधल्या वायरिंगवर ठिबकते. ‘गॅस कमी होता, भरून दिला’ हा दरवर्षीचा शेरा तर मुळीच मान्य करू नये. गॅस बंद चक्रात फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

करारपत्रात ‘सर्व्हिसिंग’ हा एकच मोघम शब्द न ठेवता प्रत्येक युनिटचा चालू प्रवाह, आयसोलेटरवरचे लोडखालील व्होल्टेज आणि आरसीसीबीचे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण दाबल्याची तारीख लिहिण्याचे बंधन घालावे आणि त्या पानावर दोघांच्याही सह्या घ्याव्यात. मागच्या भेटीचा आकडा समोर असला की वाढलेला प्रवाह बिघाडाआधीच लक्षात येतो. ‘ठीक’ या शेऱ्यावरून तसे काहीच कळत नाही.

आमच्याकडे आता दोघे एकाच सकाळी येतात. पहिल्याच संयुक्त भेटीत बिनलगाचे आणखी दोन आयसोलेटर सापडले.

आपला,
एक वाचक