आमच्या आरोग्य संवाद गटाच्या माजी अध्यक्षांना

प्रिय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची अध्यक्षपदाची मुदत संपली तेव्हा वार्षिक सभेत आभाराचा ठराव झाला, टाळ्या वाजल्या आणि इतिवृत्तात एक ओळ आली. ती ओळ लिहितानाच मला अपुरी वाटली होती. आता तुमच्या जागेवर बसून काम करताना ती किती अपुरी होती ते रोज कळतंय. हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही केलेलं बहुतेक काम सभासदांच्या नजरेला कधी पडलंच नाही.

अभ्यासकांच्या संघटनेतला एक गट चालवायचा म्हणजे परिषदेत चार सत्रं लावायची, असा अनेकांचा समज असतो. खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. निबंध मागवायचे, परीक्षक जमवायचे, वेळेत न आलेल्या शेऱ्यांसाठी पुन्हा पुन्हा पत्रं पाठवायची. कुणालाही यातला पैसा मिळत नाही. प्रत्येकाची नोकरी, शिकवणं, घर वेगळं. तरीही परीक्षक तुम्हाला नाही म्हणत नसत, कारण प्रत्येकाला त्याच्या अभ्यासाचाच निबंध जाईल आणि थोडेच जातील, हे तुम्ही पाळायचात.

सगळ्यात जास्त ऋण आहे ते निबंध निवडण्याच्या तुमच्या पद्धतीचं. एका परीक्षकाने पाच गुण दिले आणि उरलेल्या दोघांनी दोन-दोन, तर सरासरी काढून निबंध बाजूला ठेवणं सोपं असतं. तुम्ही असे निबंध वेगळे काढून स्वतः वाचायचात. आरोग्याबद्दलचं बोलणं आणि संदेश यांचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विषयात दोन घराणी एकत्र नांदतात. संदेशाचे शब्द बदलले तर लस घेण्याची तयारी किती बदलते, हे प्रयोग करून मोजणारं एक. रुग्णाजवळ बसून त्याचं म्हणणं तासन्‌तास ऐकणारं दुसरं. क्षयरोगाचं औषध अर्ध्यावर सोडणाऱ्या मोजक्या रुग्णांच्या मुलाखतींवरचा निबंध पहिल्या घराण्याच्या परीक्षकाकडे गेला, की ‘नमुना लहान’ एवढाच शेरा येतो. पण उपचार साधारण सहा महिन्यांचे आणि खोकला-ताप काही आठवड्यांतच कमी होतो. मग बरं वाटणाऱ्या माणसाने गोळ्या का घेत राहायच्या, हा प्रश्न त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुठला संदेश लिहिणार? असे निबंध तुम्ही योग्य परीक्षकाकडे पुन्हा पाठवलेत. याच्या उलटही केलंत, आकड्यांच्या निबंधांना भावनाशून्य म्हणणाऱ्यांना तुम्ही तितक्याच ठामपणे अडवलंत.

आणि नकाराची पत्रं! निबंध नाकारला तरी त्यात विद्यार्थ्याला पुढे उपयोगी पडेल असं निदान एक वाक्य असलंच पाहिजे, हा तुमचा आग्रह. ते वाक्य परीक्षकाने लिहिलं नसेल तर तुम्ही लिहायचात. आज गटाच्या कामात हिरिरीने उतरणारे कितीतरी जण पहिल्या वर्षी नाकारले गेलेले आहेत, हे मी जुनी कागदपत्रं चाळताना पाहिलं.

नव्या सभासदांना तुम्ही या क्षेत्राचा इतिहास आवर्जून सांगायचात. १९७२ साली इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन या संवाद-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेमध्ये उपचारात्मक संवादाचा अभ्यास करणाऱ्यांचा गट तयार झाला आणि १९७५ मध्ये त्याचं रूपांतर आरोग्य संवादाच्या गटात झालं. उपचार करणारा आणि रुग्ण यांच्यातल्या बोलण्याबरोबरच जनजागृतीच्या मोहिमा, बातम्या, धोरणं असं सगळंच अभ्यासाच्या कक्षेत येत गेलं. हे सांगून तुम्ही लगेच विचारायचात की मग परिचारिका आणि आरोग्यसेविका आपल्या सत्रांत का दिसत नाहीत? प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी निबंधाऐवजी अनुभवकथनाचं सत्र सुरू झालं ते या प्रश्नातून. त्यातही रुग्णाची गोष्ट सांगताना त्याची संमती घेतली आहे का, तो ओळखू येणार नाही ना, हे तपासायला तुम्ही विसरला नाहीत.

२०२० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने खऱ्या-खोट्या माहितीच्या पुराबद्दल जगाला सावध केलं. पाठोपाठ परिषदा ऑनलाइन झाल्या. कोणाची पहाट, कोणाची मध्यरात्र, हे सांभाळत तुम्ही भाषणं आधी ध्वनिमुद्रित करून घेतलीत आणि प्रत्यक्ष वेळ फक्त चर्चेला ठेवलीत. त्याच काळात अफवांना उत्तर देणारी साधी एकपानी पत्रकं सभासदांकडून लिहून घेतलीत. खरी गोष्ट आधी, मग अफवेचा थोडक्यात उल्लेख, ती चूक का आहे ते, आणि शेवटी पुन्हा खरी गोष्ट, असा त्यांचा क्रम. जे अजून माहीत नाही ते ‘माहीत नाही’ असंच लिहायचं, हा तुमचा दंडक. जूनमध्ये मास्कबद्दलचा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला बदलला तेव्हा त्याचं मोल कळलं. आपल्या पत्रकांत ‘सध्याच्या माहितीनुसार’ हे शब्द आधीपासूनच होते, त्यामुळे वाचणाऱ्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं नाही.

विद्यार्थी पारितोषिकासाठी एका औषध कंपनीने देऊ केलेल्या रकमेचा निर्णय तुम्ही एकटीने घेतला नाहीत, सभेपुढे ठेवलात. रक्कम नाकारली गेली आणि पारितोषिक सभासदांच्या छोट्या वर्गणीतून सुरू राहिलं. ते आजही सुरू आहे.

यंदाचे निबंध येऊ लागले आहेत. गुणांत मोठी तफावत असलेल्यांची वेगळी यादी करायचा नियम आता आम्ही गटाच्या नियमावलीतच घातला आहे, म्हणजे पुढच्या अध्यक्षांनाही तो पाळावा लागेल. अनुभवकथनाच्या सत्राला या वेळी जास्त वेळ मागितला आहे. आणि परीक्षकांच्या यादीत तुमचं नाव तसंच ठेवलं आहे. तीन निबंध पाठवते, सगळे मुलाखतींवरचे आहेत.

मनापासून आभार, मॅडम.

तुमची,
आरोग्य संवाद गटाची सध्याची अध्यक्ष