बाबांच्या ओव्या आणि जुना कॉम्प्युटर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ओव्या मिळाल्या. बेळगावकडच्या खानापूर भागातल्या बायकांकडून तुम्ही उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या सगळ्या ओव्या सुखरूप आहेत. फोनवर तुमचा आवाज पडलेला होता, म्हणून हे आधी लिहिते.

कॉम्प्युटर बिघडल्यावर दुकानात "फॉरमॅट मारून देतो, डेटाची गॅरंटी नाही" म्हणाले आणि तुम्ही कॅबिनेट तसाच उचलून घरी आणलात. फार बरं केलंत. त्या फाईली दुसरीकडे कुठेच नव्हत्या, आणि ओव्या सांगणाऱ्यांपैकी कितीतरी आज्या आता नाहीत.

रिस्टोर, म्हणजे विंडोज पुन्हा पहिल्यासारखं बसवणं, अर्ध्यावर का अडकत होतं, ते इथे आणल्यावर कळलं. कंपनीने दिलेली विंडोज ७ ची मूळ प्रत त्याच हार्डडिस्कच्या एका कोपऱ्यात असते, आणि डिस्कच खराब झाली होती. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावण्यासारखं आहे ते. तुम्ही चुकीचं बटण दाबलंत असं मुळीच नाही. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट सारखी जाते-येते, कॉम्प्युटर दर वेळी धाडकन बंद होतो. डिस्कचं वय झालेलं, त्यात हे धक्के.

म्हणून जुनी डिस्क मी चालू करून बघतच बसले नाही. पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी चालणारं लिनक्स सुरू केलं. तसं केलं की डिस्कवर काहीही न लिहिता कॉम्प्युटर चालतो. मग डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने सगळी डिस्क एका नव्या डिस्कवर उतरवून घेतली. तो आधी चांगला भाग पटापट वाचतो, खराब जागा टिपून ठेवतो आणि शेवटी तिथे परत जाऊन जमेल तेवढं काढतो. पहिल्यापासूनच खराब जागेवर अडून बसला असता, तर डिस्कने मधेच जीव सोडला असता. खराब जागा निघाल्या त्या बहुतेक विंडोजच्याच फाईलींवर. तुमचं फोल्डर वाचलं.

नवीन काय घालायचं, यावर मी बराच विचार केला. विंडोज ७ ला २०२० च्या जानेवारीनंतर सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, ते या मशीनमध्ये नाही. "भंगारात घाल" असं तुम्ही म्हणालात, पण मला ते पटत नाही. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवली, त्यावर लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घातली. फुकट आहे, २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, आणि आता कॉम्प्युटर चालू व्हायला चहा उकळेपर्यंत थांबावं लागणार नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही बदलली. ती मेली होती म्हणून दर वेळी तारीख मागे जायची, आणि तारीख चुकली की बँकेची किंवा पहाणी उताऱ्याची (जमिनीच्या सातबाऱ्यासारख्या कागदाची) साईट उघडत नाही.

आता तुमचं काम, बाबा. ओव्या तुम्ही जुन्या फाँटमध्ये टाईप केल्या होत्या. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून फाँट नसला की नुसती एबीसीडीची खिचडी दिसते. मी त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलल्यात. पण जुन्या फाँटच्या फाईलीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये क्रम उलटा. बदलताना काही ठिकाणी त्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्यात. पुस्तकी शब्द मी सुधारले. जिथे बायकांच्या तोंडचे कानडी वळणाचे शब्द आहेत, तिथे मी हात लावलेला नाही. तिथलं बरोबर काय, ते तुम्हालाच ठाऊक.

टायपिंग पुन्हा शिकायला नको. तुमचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तसाच आहे, शिवाय कन्नडही घातलंय. दोन्हींत 'क' त्याच बटणावर. तालुका ऑफिसचा अर्ज आता दुसऱ्याकडून टाईप करून घ्यायला नको.

आई, तुझ्या स्त्रीशक्ती संघाचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये (एक्सेलसारखा फुकट प्रोग्राम) उघडतो. बेरजा पडताळून पाहिल्यात, जुळतात. आजीचे फोटोही आहेत. तू वेगळा डबा करून ठेवतेस तसं मीही फोटो आणि ओव्या दोन पेनड्राइव्हवर घेतल्यात. एक तुझ्या कपाटात ठेव, दुसरा माझ्याकडे राहील.

कॅबिनेट पुढच्या आठवड्यात दादा गाडीतून आणतोय. सोबत छोटा यूपीएस आहे, तो आधी लावा आणि मगच चालू करा. पैशांचा विषय काढू नका. जुनी डिस्क पिशवीत वेगळी ठेवलीय, कुणाला देऊ नका, टाकू नका.

बाबा, 'ओव्या १' ही फाईल आधी वाचा. चूक दिसेल तिथे शब्द पिवळा करून ठेवा. त्या पानांचं झालं की फोन करा, म्हणजे तसल्याच चुका बाकीच्या फाईलींत एकदम शोधून काढता येतील.

तुमची,
लेक